अर्थनिर्णय (शब्दाचा)

अपरिचित किंवा अनेकार्थी शब्दाचा विवक्षित अर्थ संदर्भ व कोश यांच्या आधारे ठरविणे. सुटा शब्द प्रकरणावाचून उलगडू नये, असा दंडक यास्काने निरुक्तात घातला आहे.

शक्तिग्रह : शब्दाचा अर्थ प्रथम कळण्याचे आठ मार्ग नैयायिक मानतात : व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवरण व परिचित पदाचे सान्निध्य. यांत व्यवहार मुख्य. थोरला माणूस ‘गाय आण’, मग ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ असे सांगतो; शब्द बदलला की कृतीत काय बदलते, हे पाहून मूल एकेक अर्थ वेगळा काढते (आवापोद्वाप). कोश हाताशी येतो तो पुष्कळ नंतर.

निर्णायक घटक : भर्तृहरीने वाक्यपदीयाच्या दुसऱ्या कांडात संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, अर्थ, प्रकरण, लिंग, अन्य शब्दाची सन्निधी, सामर्थ्य, औचित्य, देश, काल, व्यक्ती व स्वर असे घटक दिले, मम्मटाने ते काव्यप्रकाशात स्वीकारले. प्रकरणाचे प्रसिद्ध उदाहरण ‘सैंधव’ : जेवताना मागितले तर मीठ, प्रवासाला निघताना घोडा. यादीतील ‘लिंग’ म्हणजे खूण; व्याकरणातील लिंगाला येथे ‘व्यक्ती’ म्हटले आहे. विद्यार्थी येथे हमखास फसतात. मराठीत ‘जेवणाची वेळ झाली’ व ‘फार वेळ गेला’ यांतील भेद व्यक्तीने कळतो : स्त्रीलिंगी वेळ म्हणजे नेमका क्षण, पुल्लिंगी वेळ म्हणजे अवधी. ‘पाट’ शब्दाचा निर्णय सन्निधीने होतो : मांडला तर बसण्याचा, पाणी सोडले तर शेताचा, विधवेशी लावला तर पुनर्विवाह. स्वर मम्मटाच्या मते वेदातच निर्णायक आहे.

वाक्याआधी पदाला स्वतंत्र अर्थ असतो का, याविषयी मीमांसकांत दोन पक्ष आहेत (असतो म्हणणारा अभिहितान्वय व नसतो म्हणणारा अन्विताभिधान).

कोशाचा उपयोग : अमरकोश मुखोद्गत करण्यासाठी रचलेला असून त्याच्या तिसऱ्या कांडातील नानार्थवर्गात अनेकार्थी शब्द अंत्य व्यंजनानुसार लावले आहेत. मराठीत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (७ विभाग, १९३२–३८, पुरवणी १९५०) हे प्रमुख. दाते-कर्वे अर्थापुढे ग्रंथांतील अवतरणे देतात, त्यामुळे शब्दाचा संदर्भही तेथेच मिळतो. जुन्या वाङ्मयाच्या वाचकाला हे विशेष सोयीचे. कोश पाहण्यापूर्वी सामान्यरूप सोडवून मूळ शब्द काढावा लागतो : ‘विंचवाने’ शोधून मिळत नाही, ‘विंचू’ मिळतो. तत्सम शब्दांत संस्कृत कोशावर विसंबणे धोक्याचे. ‘राग’ म्हणजे तेथे आसक्ती, मराठी बोलण्यात संताप.

पाश्चात्त्य विचार : शब्दाचा अर्थ वाक्याच्या संदर्भातच विचारावा, हे तत्त्व गोटलोप फ्रेगेने १८८४ मध्ये मांडले.