जबलपूरची मेस, प्रशियाचा नकाशा आणि पडद्यावरचा फासा

१८७५ सालच्या पावसाळ्यात जबलपूरच्या लष्करी छावणीत डेव्हनशायर रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांना वेळ कसा घालवावा हा प्रश्न पडला होता. मेसमध्ये बिलियर्ड्सचे टेबल होते. ‘पिरॅमिड्स’ या खेळातील १५ लाल चेंडू आणि ‘पूल’च्या प्रकारांतील रंगीत चेंडू एकत्र मांडून नेव्हिल चेंबरलेन या १९ वर्षांच्या अधिकाऱ्याने एक नवा मिश्र खेळ सुरू केला. वुलिच येथील लष्करी प्रबोधिनीत नवख्या छात्राला ‘स्नूकर’ म्हणत. एका सोबत्याचा सोपा फटका चुकल्यावर चेंबरलेनने त्याला हीच उपाधी दिली आणि ती खेळालाच चिकटली. पुढे १८८२ मध्ये उटकमंड येथे या खेळाचे नियम लेखी स्वरूपात निश्चित झाले. (ब्रिटिश पंतप्रधान झालेले नेव्हिल चेंबरलेन ते वेगळे. ही गल्लत वारंवार होते.)

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या कथेत लक्षणीय वाटावी अशी गोष्ट स्नूकरपेक्षा तिच्या पुराव्याची आहे. खेळाच्या जन्माविषयी चेंबरलेनने ‘द फील्ड’ या नियतकालिकाला पत्र लिहिले ते १९३८ साली, म्हणजे ६३ वर्षांनी. जगभर पसरलेल्या एका खेळाचा उगम एका वृद्ध माणसाच्या आठवणीवर आणि ती खरी ठरवणाऱ्या काही साक्षींवर उभा आहे. खेळ खेळले जातात आणि विरून जातात. त्यांची दप्तरे कोणी ठेवत नाही. आज ज्या डिजिटल साधनांवर टेबलटॉप भूमिका-खेळांच्या प्रदीर्घ मोहिमा चालतात, ती प्रत्येक फाशाची नोंद ठेवतात. त्या साधनांचा इतिहास मात्र सिलिकॉन व्हॅलीपासून सुरू होत नाही. तो अशाच मेसमधून, अशाच अधिकाऱ्यांच्या टेबलांवरून येतो.

प्रशियात फॉन राइसविट्झ पितापुत्रांनी ‘क्रीगश्पील’ म्हणजे युद्धखेळ घडवला. पित्याने १८१२ च्या सुमारास तो राजदरबारी मांडला. पुत्राने, जो स्वतः तोफखान्याचा लेफ्टनंट होता, १८२४ मध्ये त्याचे परिपूर्ण नियम प्रसिद्ध केले. नकाशाचे प्रमाण १:८०००, प्रत्येक खेळी म्हणजे युद्धभूमीवरची दोन मिनिटे, आणि चकमकीचा निकाल फाशांनी व कोष्टकांनी. या खेळाचे खरे वेगळेपण त्यातल्या पंचात होते. दोन्ही पक्ष आपले हुकूम पंचाला लेखी देत. पंच ते वाचून, शत्रूच्या दृष्टीस पडू शकतील तेवढ्याच सोंगट्या नकाशावर ठेवी. टेकडीमागची पलटण नकाशावर नसे. ती फक्त पंचाच्या मनात आणि त्याच्या कागदावर असे. बुद्धिबळात दोघांनाही सर्व दिसते, येथे कोणालाच सर्व दिसत नाही. आजच्या आभासी टेबलावर ‘फॉग ऑफ वॉर’ नावाची जी सोय असते, जिच्यामुळे खेळाडूच्या पात्राला मशालीच्या उजेडापलीकडचे दालन दिसत नाही, ती हीच. पंचाने सोंगटी हातात राखून ठेवण्याचे काम आता संगणक भिंतींची भूमिती तपासून, पात्राच्या स्थानापासून दृष्टिरेषा काढून करतो.

१८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा पराभव केला, तेव्हा इतर देशांच्या सैन्यांनी त्या विजयाची कारणे शोधताना या खेळाकडेही पाहिले. ब्रिटिश सैन्यासाठी त्याचे इंग्रजी नियम १८७२ मध्ये तयार केले ते एव्हलिन बॅरिंग या कॅप्टनने. त्याच वर्षी तो आपला चुलतभाऊ लॉर्ड नॉर्थब्रूक, म्हणजे हिंदुस्थानचा नवा व्हाइसरॉय, याचा खासगी सचिव म्हणून येथे आला. मार्च १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता हे दोन्ही लोहमार्ग जबलपूर येथेच जोडले गेले होते. एका सैन्याच्या एकाच दशकातल्या या दोन घटना आहेत: छावणीत टेबलावरच्या खेळाचे नियम मोडून नवे घडवणे, आणि कार्यालयात टेबलावरच्या खेळातून युद्ध शिकणे.

१८७६ मध्ये प्रशियाच्याच युलियस फॉन फेर्डी द्यु व्हेर्नुआ याने आणखी एक पाऊल टाकले. कोष्टके इतकी वाढली होती की खेळ रेंगाळत असे. त्याने ती बाजूला सारली आणि अनुभवी पंचाच्या विवेकावर निकाल सोपवला. नियम की विवेक, हा वाद तेव्हापासून आजतागायत मिटलेला नाही. डिजिटल साधनांच्या रचनेत तो प्रत्येक पावलावर पुन्हा उभा राहतो.

पुढची वाट अमेरिकेत जाते आणि ती येथे थोडक्यात सांगतो. चार्ल्स टॉटन या अमेरिकी अधिकाऱ्याचा ‘स्ट्रॅटेगोस’ हा १८८० चा ग्रंथ मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती लागला. खेळाडूने काहीही करायचे ठरवले तरी पंच त्याचा निकाल देऊ शकतो, ही कल्पना त्याने त्यातून उचलली. १९६९ मध्ये ‘ब्राउनश्टाइन’ या काल्पनिक प्रशियन गावाच्या खेळात त्याने प्रत्येक खेळाडूला पलटणीऐवजी एकेका माणसाची भूमिका दिली. डेव्ह आर्नेसनने त्यावरून ‘ब्लॅकमूर’ रचले, आणि गॅरी गायगॅक्ससह १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तीन पुस्तिका प्रसिद्ध झाल्या. पहिली आवृत्ती १,००० प्रतींची होती.

या खेळातील पंचाला इंग्रजीत ‘डंजन मास्टर’ म्हणतात. मराठीत त्याला सूत्रधार म्हणणे मला अधिक रास्त वाटते, कारण आपल्या रंगभूमीवरील सूत्रधाराप्रमाणे तो कथेच्या आतही असतो आणि बाहेरही. त्याच्यावरचा भार मोठा असतो. मोहीम दोन-दोन वर्षे चालते. गावे, शत्रू, वंशावळी, कोणाच्या थैलीत किती नाणी, कोणत्या राक्षसाला किती घाव लागले, हे सर्व त्याला सांभाळावे लागते. वह्या, चौकटींचे कागद आणि पडद्याआड टाकलेले फासे ही त्याची जुनी साधने.

संगणकाने या भाराला दोन निराळी उत्तरे दिली. पहिले उत्तर सूत्रधारालाच हटवण्याचे. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शिक्षणप्रणालीवर १९७५ मध्येच विद्यार्थ्यांनी भुयारांचे खेळ लिहिले. त्यातल्या एकाला ‘पेडिट५’ असे नीरस नाव होते, कारण ते अभ्यासाच्या फायलीचे नाव होते, आणि प्रशासकांनी ती फाईल पुसूनही टाकली. या वाटेने पुढे संगणकीय खेळांचा प्रचंड उद्योग उभा राहिला. दुसरे उत्तर नम्र होते: सूत्रधार माणूसच राहील, यंत्र फक्त त्याचा कारकून होईल. १९९६ मध्ये नियमग्रंथांची सीडी आली, २००४ मध्ये ‘फँटसी ग्राउंड्स’, २०१२ मध्ये लोकवर्गणीतून उभे राहिलेले आणि थेट ब्राउझरमध्ये चालणारे ‘रोल२०’, २०१७ मध्ये ‘डी अँड डी बियाँड’, आणि मे २०२० मध्ये ‘फाउंड्री’. त्या शेवटच्या सालाचा अर्थ वाचकांस सांगायला नको. टाळेबंदीत एका टेबलाभोवती बसणे अशक्य झाले आणि कारकून एकाएकी अपरिहार्य ठरला.

विज्ञानाच्या वाचकाला यात सर्वांत रोचक वाटावा तो फासा.

जबलपूरच्या परिसरातील, नर्मदेकाठच्या पानझडी अरण्यात बेहड्याची झाडे विपुल आहेत. वेदकाळातील द्यूत याच विभीतकाच्या फळांनी खेळले जाई. मूठभर फळे उचलायची, त्यांचे चारचे गट करायचे, उरतील त्यावरून निकाल. कृत, त्रेता, द्वापर, कली ही युगांची नावे मूळची या डावांचीच. महाभारतातील नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा विदर्भाकडे रथातून जात असताना बेहड्याच्या एका झाडाची पाने आणि फळे दृष्टिक्षेपात सांगतो. नल ती मोजून पाहतो आणि आकडे बरोबर निघतात. मग अश्वविद्येच्या मोबदल्यात राजा त्याला अक्षविद्या शिकवतो. इयन हॅकिंग या तत्त्वज्ञाने संभाव्यतेच्या इतिहासावरील आपल्या १९७५ च्या ग्रंथात या कथेची आवर्जून दखल घेतली आहे. फाशांची विद्या आणि नमुन्यावरून अंदाज बांधण्याची विद्या या दोन्ही तेथे शेजारी उभ्या आहेत.

खरा फासा किती प्रामाणिक असतो? इंग्लंडमधील वेल्डन या प्राणिशास्त्रज्ञाने १२ फासे २६,३०६ वेळा टाकून नोंदी ठेवल्या. पाच किंवा सहा पडण्याचे प्रमाण ०.३३३३ असायला हवे होते, ते ०.३३७७ आले. ठिपके कोरताना सहाच्या बाजूचे लाकूड किंवा हाड अधिक निघते, ती बाजू हलकी होते आणि वर येते, हे त्याचे बहुधा स्पष्टीकरण. कार्ल पिअर्सनने १९०० साली आपली काय-वर्ग चाचणी मांडली तेव्हा याच नोंदी तिच्यावर तपासल्या. विद्यार्थ्यांनी ती आपल्या आभासी फाशावरही लावून पाहावी. वीस बाजूंचा फासा २०० वेळा टाका. प्रत्येक अंक सरासरी १० वेळा यावा. प्रत्येक अंकासाठी अपेक्षेतील फरकाचा वर्ग करून त्याला १० ने भागा आणि सर्वांची बेरीज करा. बेरीज ३०.१४ च्या वर गेली तर संशयाला जागा आहे. अर्थात निर्दोष फासाही वीसपैकी एका वेळी ही मर्यादा ओलांडतोच, म्हणून एका प्रयोगावरून कोणाला लबाड ठरवू नये. ‘संगणक मुद्दाम मला एकच देतो’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. दोनशे नोंदी ठेवणारा तक्रारदार मात्र मी अजून पाहिलेला नाही.

यंत्राचा फासा मुळात गणित असतो. ‘फाउंड्री’ मर्सेन ट्विस्टर ही पद्धत वापरते, जी मात्सुमोतो आणि निशिमुरा यांनी १९९७ मध्ये रचली. तिची संख्यामालिका पुन्हा सुरू होण्यास २ चा १९,९३७ वा घात उणे १ इतक्या पायऱ्या लागतात. तरीही सलग ६२४ मूळ संख्या ठाऊक झाल्या तर पुढच्या सर्व सांगता येतात. ऋतुपर्णाला ही पद्धत आवडली असती. क्रोम ब्राउझरचा यादृच्छिक संख्यांचा जुना मार्गही सदोष निघाला होता. तो डिसेंबर २०१५ मध्ये बदलला गेला. ‘रोल२०’ने वेगळा रस्ता धरला. प्रकाशाचा झोत विभागून त्याच्या शक्तीतील सूक्ष्म चढउतार मोजायचे आणि त्या क्वांटम अनिश्चिततेतून फाशांचे बीज घ्यायचे. अजगराच्या गुहेतील एका घावासाठी हे जरा अतीच होते, असे माझे मत आहे. परंतु गुप्तसंदेशांच्या किल्ल्या बनवायला असाच फासा लागतो, आणि म्हणूनच एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानात क्वांटम संदेशवहन हे एक प्रमुख अंग आहे.

येथे एक छोटीशी मराठी अडचण. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे, त्यामुळे ब्राउझरवरील टेबलात पात्राचे नाव, गावाचा इतिहास, संवाद हे सर्व मराठीत नीट उमटते. पण जावास्क्रिप्टमध्ये ‘अंक’ ओळखण्याचे जे प्रचलित चिन्ह आहे, ते फक्त रोमन लिपीसोबतचे अंक ओळखते. या लेखात लिहिले तसे ‘२०’ त्याला अंक वाटतच नाही. ज्या देशाने जगाला दशमान अंक दिले, तेथील सूत्रधाराला फासा टाकण्यासाठी कळफलक बदलावा लागतो. दुरुस्ती दोन ओळींची आहे. ती करायला मराठीत खेळणारा प्रोग्रामर हवा. जबलपुरात २००५ पासून माहिती तंत्रज्ञान आणि अभिकल्पाची केंद्रीय संस्था आहे, पुण्यात तर अशा हातांची वाणच नाही.

आता पुन्हा दप्तराकडे. भूमिका-खेळांची चर्चा आणि मोहिमांच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर ‘गूगल प्लस’वर होत्या, २ एप्रिल २०१९ रोजी ते बंद झाले. जानेवारी २०२३ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या मालक कंपनीने वीस वर्षांहून जुना मुक्त परवाना बदलण्याचा घाट घातला, खेळणाऱ्यांच्या संतापापुढे तिने माघार घेऊन मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘डी अँड डी बियाँड’ने जाहीर केले की खेळाडूंच्या पात्रपत्रिकांवरील जुन्या मंत्रांच्या जागी नव्या आवृत्तीतील मंत्र येतील. म्हणजे चालू मोहिमेच्या मध्यावर, सूत्रधाराला न विचारता, जगाचे नियम बदलणार होते. काही दिवसांत हाही निर्णय फिरवावा लागला. फेर्डीच्या पंचाने कोष्टके स्वतःहून बाजूला ठेवली होती. येथे कोष्टकांचा मालक दुसराच होता.

‘फाउंड्री’ची मांडणी या बाबतीत मला अधिक पटते. एकदा विकत घेतले की मोहीम आपल्याच संगणकावर राहते. २०२३ पर्यंत तिच्या फायली साध्या मजकुराच्या होत्या. कार्यक्रम नाहीसा झाला असता, तरी कोणत्याही मजकूर-संपादकात त्या उघडून कोणत्या पात्राच्या थैलीत काय होते हे वाचता आले असते. अकराव्या आवृत्तीने वेगासाठी ती पद्धत बदलली आणि मोहिमा ‘लेव्हल-डीबी’ या द्विमान कोठारात गेल्या. त्या मजकुरात परत आणण्याचे साधन उपलब्ध आहे. सूत्रधाराने ते दर काही महिन्यांनी चालवावे आणि एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी.