अंदमान-निकोबार द्वीपसमूह : भूगोल, लोकसमूह आणि भाषांचे भवितव्य

प्रस्तावना

मराठी वाचकाला अंदमान परिचित आहे ते 'काळे पाणी' म्हणून. १८९६ ते १९०६ या काळात बांधले गेलेले सेल्युलर कारागृह, १९११ पासूनचा वि. दा. सावरकरांचा तेथील बंदिवास आणि 'माझी जन्मठेप' हा ग्रंथ यांमुळे ही प्रतिमा आपल्या मनात दृढ झाली आहे. तथापि, ज्या भूमीवर ही दंडवसाहत उभी राहिली ती निर्जन नव्हती. तेथे सहस्रावधी वर्षे मानवी वस्ती होती आणि त्या वस्तीच्या स्वतंत्र भाषा होत्या. आदिवासी भाषा बाह्य संपर्कामुळे आपोआप नष्ट होतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या द्वीपसमूहाचा इतिहास मात्र तसे सांगत नाही. भाषकांच्या ताब्यात त्यांची भूमी किती राहिली, यावर येथील भाषांचे भवितव्य प्रामुख्याने ठरत गेले, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

म्यानमारमधील आराकान योमा ही पर्वतरांग समुद्राखालून दक्षिणेकडे जाते. तिची पाण्यावर आलेली शिखरे म्हणजे ही बेटे होत. त्यांचे एकूण क्षेत्रफळ ८,२४९ चौ. कि.मी. असून सॅडल पीक (७३२ मीटर) हे सर्वोच्च शिखर उत्तर अंदमानात आहे. सुमारे १५० कि.मी. रुंदीच्या दहा अंश खाडीमुळे अंदमान व निकोबार हे दोन गट वेगळे झाले आहेत.

ही खाडी भाषांचीही सीमा आहे. तिच्या उत्तरेस ग्रेट अंदमानी, ओंगे, जारवा आणि सेंटिनेली हे शिकार व अन्नसंकलनावर जगणारे लोकसमूह आढळतात. दक्षिणेस निकोबारी व शॉम्पेन लोक राहतात. निकोबारी भाषा ऑस्ट्रोआशियाई कुळातील आहेत. मेघालयातील खासी आणि आपल्या मेळघाटातील कोरकू याच कुळात मोडतात. याउलट अंदमानी भाषांचे अन्य कोणत्याही भाषाकुळाशी नाते सिद्ध झालेले नाही.

ग्रेट अंदमानी भाषांचा ऱ्हास

१८५७ च्या उठावानंतर मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअर येथे दंडवसाहत स्थापन केली. त्या वेळी ग्रेट अंदमानी समाजात दहा गट होते आणि प्रत्येकाची बोली भिन्न होती. वसाहतीसाठी जंगलतोड सुरू होताच संघर्ष पेटला. मे १८५९ मधील अ‍ॅबर्डीनच्या लढाईत धनुष्यबाणधारी अंदमानींचा पराभव झाला. त्यांच्यात काही काळ राहिलेला दूधनाथ तिवारी हा फरारी बंदी परत आला व त्याने इंग्रजांना हल्ल्याची आगाऊ सूचना दिली होती.

पुढे १८६३ मध्ये 'अंदमान होम' ही व्यवस्था सुरू झाली. वनातील लोकांना वसाहतीत आणून 'सुधारणे' हा तिचा उद्देश होता. प्रत्यक्षात उपदंशासारखे रोग तेथून पसरले आणि १८७७ च्या गोवराच्या साथीने फार मोठी हानी केली. १९०१ च्या जनगणनेत ग्रेट अंदमानींची संख्या ६२५ नोंदली गेली. १९६१ मध्ये ती अवघी १९ उरली. उरलेल्यांना पुढे स्ट्रेट बेटावर वसविण्यात आले. विविध गटांतील माणसे एकत्र आल्याने तेथे मिश्र बोली रूढ झाली आणि मुले हिंदीकडे वळली. २६ जानेवारी २०१० रोजी बोआ यांच्या निधनाने 'बो' भाषा आणि एप्रिल २०२० मध्ये लिचो यांच्या निधनाने 'सारे' भाषा लुप्त झाली.

या हानीचे स्वरूप डॉ. अन्विता अब्बी यांच्या संशोधनामुळे स्पष्ट होते. ग्रेट अंदमानीच्या व्याकरणाचा पाया मानवी शरीराचे विभाग हा असून नामे, क्रियापदे व विशेषणे या विभागांशी निगडित चिन्हे धारण करतात, असे त्यांनी दाखविले. जगाची मांडणी करण्याची ही एक स्वतंत्र रीत होती.

जारवा आणि निकोबारी : दोन भिन्न उदाहरणे

'जारवा' हे नाव शेजाऱ्यांनी दिलेले आहे. हे लोक स्वतःस 'आंग' म्हणवतात. त्यांनी बाहेरच्यांना दीर्घकाळ दूर ठेवले आणि १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण विनियमाने त्यांच्या वनक्षेत्राला कायद्याचे कवच मिळाले. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या ३८० होती आणि त्यांची भाषा मुलांच्या तोंडी होती. याच जनगणनेत ग्रेट अंदमानी ४४ व ओंगे १०१ होते.

केवळ अलिप्ततेमुळे भाषा टिकते, असा निष्कर्ष मात्र यावरून काढता येत नाही. निकोबार बेटे प्राचीन सागरी व्यापारमार्गावर होती. १७५६ पासून डॅनिश आणि १८६९ पासून इंग्रज तेथे आले, धर्मांतरही झाले. संपर्क हेच भाषामृत्यूचे कारण असते, तर निकोबारी भाषा प्रथम लुप्त व्हावयास हव्या होत्या. परंतु २०११ मध्ये निकोबारी समाज सुमारे २७ हजारांचा होता. येथे जमीन व नारळीच्या बागा 'तुहेत' या संयुक्त कुटुंबसंस्थेकडे राहिल्या. बिशप जॉन रिचर्डसन यांच्यासारख्या निकोबारी नेत्याने बायबल कार निकोबारी भाषेत आणले, म्हणजे बाहेरून आलेला धर्मही लोकांनी स्वभाषेतच स्वीकारला.

स्थलांतरितांची भाषा

दंडवसाहतीत नाना प्रांतांचे बंदी एकत्र आल्याने हिंदुस्थानी ही व्यवहारभाषा बनली. कारागृहात सावरकरांनी हिंदी व नागरीचा पुरस्कार केला, तो याच भाषिक परिस्थितीत. पुढे मोपले, १९२५ मध्ये म्यानमारमधून आलेले करेन, फाळणीनंतरचे पूर्व बंगालमधील निर्वासित, तसेच तमिळ व तेलुगू भाषक येथे स्थायिक झाले. २०११ मध्ये सर्वाधिक लोकांची मातृभाषा बंगाली होती. या बहुभाषिक सलोख्याचे कौतुक होते व ते योग्यही आहे. मात्र तो ज्या भूमीवर नांदला, तिच्या मूळ भाषांना त्यात स्थान मिळाले नाही.

समारोप

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने अनेक निकोबारी गावे उद्ध्वस्त केली व लोकांना पूर्वापार किनारा सोडावा लागला. ग्रेट निकोबारवरील बंदर, विमानतळ व नगर उभारणीच्या प्रकल्पास २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. शॉम्पेन लोकांचे वसतिस्थान याच बेटावर आहे. १८५८ नंतरचा अनुभव पाहता, भूमीविषयीचा प्रत्येक निर्णय येथे भाषेविषयीचाही निर्णय ठरतो. शब्दकोश व ध्वनिमुद्रणे आवश्यक आहेत, परंतु ती भाषेची स्मृती जपतात. तिचे जीवन जपण्यासाठी भाषकांची भूमी जपावी लागते.

२०१८ मध्ये रॉस, नील व हॅवलॉक या बेटांना आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरला नवी नावे देण्यात आली. इंग्रज अधिकाऱ्यांची नावे गेली, हे स्वाभाविक होय. परंतु येथील आद्य रहिवाशांच्या भाषेतील एकही नाव त्यांच्या जागी आले नाही. आपल्या अभ्यासक्रमात अंदमानचा इतिहास १८५८ पासून सुरू होतो, त्यामागेही हेच विस्मरण आहे. स्वातंत्र्यसैनिकांच्या यातनांचे स्मरण ठेवीत असतानाच, त्या कारागृहाच्या आधी तेथे कोण राहत होते व कोणती भाषा बोलत होते, हा प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवणे हे इतिहासाच्या अध्यापकाचे कर्तव्य ठरते.