रक्तगुठळीचा पक्षाघात : वृद्धांमधला आणि तरुणांमधला

मेंदूची रोहिणी गुठळीने तुंबली की तेवढ्या भागाचे काम ठप्प होते; हाच रक्तगुठळीचा पक्षाघात, बोलीत लकवा. मुंबईतल्या २००५-०६ च्या नोंदणीत पहिल्यांदाच झटका आलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के याच प्रकारचे होते.

ऐंशीच्या पुढे दुखण्याचे मूळ पुष्कळदा हृदयात सापडते. ठोके अनियमित पडतात, डाव्या कर्णिकेत रक्त साकळते आणि गुठळी मेंदूकडे सुटते. म्हणून झटका मोठा, मृत्यूही जास्त. पुण्यातल्या पेठेत आजींच्या हातून कपबशी निसटते, शब्द अडखळतात आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं आता!’ तिथेच मोलाचे तास जातात.

तरुणांत कारणे पांगलेली : मानेतील रोहिणीचे अस्तर फाटणे, सांधेतापाने बिघडलेल्या झडपा, तंबाखू, कधीच न तपासलेला रक्तदाब. हिंजवडीतला पस्तिशीचा नोकरदार हात बधिर झाला तर मान अवघडली असेल म्हणून बाम चोळत बसतो. एरवी तरुण मेंदू सावरतो मात्र लवकर.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. वय ८० पार म्हणून ते नाकारण्याची रीत होती. २०१२ च्या ‘आयएसटी-३’ चाचणीत निम्म्याहून अधिक रुग्ण ८० वरचे होते, आणि लवकर दिल्यास फायदा त्यांनाही दिसला.