जपलेला उजेड

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील चित्रसंग्रह आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तिथे एका चित्रापुढे माणसे हमखास थांबतात. साडी नेसलेली एक स्त्री हातात दिवा घेऊन उभी आहे आणि ज्योत विझू नये म्हणून तिने दुसऱ्या हाताचा आडोसा केला आहे. बोटांच्या फटींतून लालसर उजेड झिरपतो आणि तिचा चेहरा उजळतो.

हे राजा रविवर्म्याचे चित्र, असे आम्हीही वर्षानुवर्षे पाहुण्यांना सांगत आलो. ते चूक होते. चित्र आहे आंबोली घाटाखालच्या सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे, आणि दिवा धरलेली स्त्री म्हणजे त्यांची कन्या गीता. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ते ओळखले जाते.

आमचा दुसरा समज होता की चित्र तैलरंगातले असावे. ते जलरंगातले आहे, आणि खरे मोल त्यातच आहे. तैलरंगात चुकले तर वरून दुसरा थर देता येतो. शेवटी पांढऱ्या रंगाचा ठिपका ठेवून चमकही आणता येते. पारदर्शक जलरंगात ही सोय नाही. तिथे उजेड म्हणजे खालचा कोरा कागद. फिक्यापासून गडदाकडे जायचे आणि जिथे तेज हवे तिथे कुंचला आवरायचा. एकदा झाकलेला कागद पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. म्हणजे हा उजेड मागाहून घालता येत नाही. पहिल्यापासून जपावा लागतो.

असा आवर एका दिवसात येत नाही. हळदणकरांचा जन्म १८८२चा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून त्यांनी १९०८ साली स्वतःचा चित्रकलेचा वर्ग काढला. १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन करणाऱ्यांत ते होते. हे चित्र १९४५-४६च्या सुमाराचे मानले जाते, म्हणजे तेव्हा त्यांची साठी उलटली होती. त्या एका ज्योतीमागे जवळजवळ चार दशकांचे शिकणे आणि शिकवणे उभे आहे.

हे आज लिहावेसे वाटले, त्याला कारण आमची चित्रकला स्पर्धा. दरवर्षी मुले रंगवत असतात आणि वेळ संपत आली की आपण मोठी माणसे पुढे सरसावतो. ‘कागद मोकळा दिसतोय, भर पटकन,’ असे म्हणत मुलाच्या हातातला कुंचला घेतो. आम्हीही घेतला आहे. चित्र पूर्ण होते, क्वचित बक्षीसही मिळते; पण मुलाने ठेवलेली कोरी जागा बुजते. घरीही आपण तेच करतो. मुलाच्या वाढीत रिकामे काही दिसले की क्लास, छंद, स्पर्धा यांनी ते भरून टाकतो.

त्या चित्रातला आडोशाचा हात पाहावा. तो ज्योत मोठी करत नाही, तिला हातही लावत नाही. फक्त वारा अडवतो. आणि त्या उजेडाने तो स्वतःच उजळतो.

यंदा स्पर्धेच्या वेळी पालकांच्या खुर्च्या आम्ही जरा लांब मांडणार आहोत. आपण सर्वांनी समजून घ्यावे, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!