डाव येतो, पण लागतो का?

परवा दिवाळीत इगतपुरीला आत्याकडे गेलो होतो. दादाचा, म्हणजे आतेभावाचा मुलगा आठवीत आहे. टीव्हीला गेम जोडून बसला होता. मला म्हणाला, "काका, तुम्हाला कॉम्बो मारता येतो?" मी हसलो. दादा मात्र खिडकीबाहेर बघायला लागला. या एका शब्दावरून आमच्यात तीस वर्षांचा हिशोब बाकी होता.

गोष्ट १९९४ च्या मे महिन्याच्या सुट्टीतली. तेव्हा इगतपुरीला प्रत्येक गाडी बराच वेळ थांबायची, कारण मुंबईकडची वीज डीसी आणि पुढची एसी, त्यामुळे इंजिन बदलावं लागे. आतोबा रेल्वेतच होते. आणि बाजारात एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. तिथे 'स्ट्रीट फायटर २'. रुपयाला एक डाव, हरला की उठायचं.

जपानच्या कॅपकॉम कंपनीचा हा गेम १९९१ चा. कॉम्बो म्हणजे पहिला फटका बसल्यावर समोरचा सावरायच्या आत पुढचा, मग त्याच्या पुढचा. गंमत म्हणजे हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं. निर्माते नोरिताका फुनामिझु गेममधल्या चुका शोधत होते. गाडी फोडायच्या बोनस फेरीत त्यांना दिसलं की एक बुक्की पूर्ण व्हायच्या आतच दुसरा फटका घुसवता येतो. पण त्यासाठी वेळ इतकी अचूक साधावी लागे की हे कोणाच्या उपयोगाचं नाही असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी ते तसंच लपून राहू दिलं. पोरांनी ते शोधून काढलं. १९९३ च्या 'सुपर स्ट्रीट फायटर २' मध्ये तर कंपनीच पडद्यावर फटके मोजून दाखवायला लागली.

दादाने एकच कॉम्बो धरला होता. र्‍यूची उडी मारून लाथ, जमिनीवर येताच बुक्की, आणि लगेच स्टिक पुढे, खाली, तिरकी करून शोर्युकेन. सरावाला पैसे कुठले? तो आत्याच्या पोळपाटावर बोटं फिरवत बसायचा. मला काहीच येत नव्हतं. मी आपला स्टिक मागे ओढून फटके अडवायचो. दादाचा पहिला फटका अडला तरी त्याचा हात पाठ केलेलं सगळं पूर्ण करायचा. शोर्युकेन मारून तो वर जायचा आणि खाली येताना उघडा पडायचा. तेवढ्यात माझी एक साधी लाथ. ज्याला कॉम्बो येत होता तो हरत होता!

रात्री जेवताना आतोबा म्हणाले, "अरे, तालमीत डाव सगळ्यांनाच येतात. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते बघतो, त्याचाच डाव लागतो." दादा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याचा पहिला फटका अडला की तो तिथेच थांबायला लागला. लागला, तरच पुढचे. मी ओळीने पाच वेळा हरलो.

आणि घरी येऊन आत्याला सांगितलं, की दादा दुधाच्या पैशातून पार्लरला जातो.

खूप मार बसला त्याला. तो पुन्हा तिथे गेला नाही, आणि चुगली कोणी केली हे मी कधी कबूल केलं नाही.

पुढे २००४ च्या ईव्हो स्पर्धेची क्लिप पाहिली तेव्हा दादाच आठवला. दाइगो उमेहाराच्या केनचा जीव नखाएवढा उरलेला. समोर जस्टिन वाँगची चुन-ली. नुसतं अडवलं तरी तेवढा जीव जाणार. दाइगोने प्रत्येक लाथेला नेमक्या क्षणी स्टिक पुढे सारत पंधराच्या पंधरा परतवल्या, आणि मग कॉम्बो मारून सामना संपवला. त्या दिवशी अंतिम फेरी तो हरला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो हाच क्षण. त्या क्लिपला 'मोमेंट ३७' म्हणतात. आपल्या थळ घाटाचा चढही ३७ ला १, हा निव्वळ योगायोग. पण चढताना घाटात मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. दादाला मागून जोर लावणारं कोणी नव्हतं. मी तर उलट ब्रेकच लावला होता.

२०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडला 'स्ट्रीट फायटर ५' साठी पदक ठेवलं होतं. ती बातमी वाचून मी दादाला फोन करणार होतो. नाही केला.

परवा शेवटी आत्यासमोरच सांगून टाकलं. दादा म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं रे. तू बोलशील म्हणून थांबलो होतो." आत्याला तर काही आठवतही नव्हतं.

मग आम्ही दोघं खेळायला बसलो. दादाचा हात आता वळत नाही, दोनदा शोर्युकेन हुकला. तिसऱ्यांदा मी त्याची पहिली बुक्की अडवली, तर तो तिथेच थांबला. माझ्याकडे न बघता वाट बघत राहिला.

हरलो, हे सांगायला नकोच. असो.