आधी नजर, मग पाऊल

रस्त्याने जाताना मागून कुणी हाक मारली, की काय होतं? आधी डोळे वळतात, मग मान, मग खांदे आणि शेवटी पाय. हा क्रम आपल्याला कुणी शिकवलेला नाही. तो जुळवून आणण्यात मोठा वाटा आहे मध्यमेंदूचा. मोठ्या मेंदूच्या खाली, मज्जारज्जूकडे उतरणाऱ्या देठाच्या वरच्या टोकाला असलेला हा भाग जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा. त्याच्या पाठीवर चार छोटे उंचवटे आहेत. वरची जोडी नजरेची, खालची ऐकण्याची.

या उंचवट्यांचं गुपित उलगडायला सुरुवात झाली १८७० साली. रशियातल्या कझानहून आलेले एमिलियान आदाम्युक हॉलंडमधल्या उट्रेख्ट इथं, डोंडर्स यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांनी प्राण्यांच्या वरच्या उंचवट्यांना विजेचा सौम्य झटका दिला. डाव्या उंचवट्याला झटका दिला, की दोन्ही डोळे एकदमच उजवीकडे वळत. उजव्याला दिला, की डावीकडे. म्हणजे डोळे दोन, पण हुकूम एकच!

पावलांची गोष्ट कळायला आणखी शतकभर जावं लागलं. १९११ साली ब्रिटनमध्ये ग्रॅहम ब्राऊन यांनी दाखवलं, की पाय आळीपाळीने टाकण्याची लय मज्जारज्जूतच तयार होऊ शकते. मग ‘चल’ असं सांगतं कोण? उत्तर १९६६ साली मॉस्कोतून आलं. शिक, सेवेरिन आणि ओर्लोव्स्की यांनी मोठ्या मेंदूशी संबंध तोडलेल्या मांजराला फिरत्या पट्ट्यावर उभं केलं आणि मध्यमेंदूतल्या एका ठिकाणी सौम्य वीजप्रवाह सोडला. मांजर चालू लागलं. प्रवाह वाढवला, तशी त्याची दुडकी चाल सुरू झाली आणि शेवटी ते चौखूर धावू लागलं.

नजरेचा हिशेब मात्र वेगळा निघाला. १९७२ साली अमेरिकेत डेव्हिड रॉबिन्सन यांनी माकडांवर प्रयोग केले. प्रवाह कमी-जास्त करून डोळ्यांच्या हालचालीत फारसा फरक पडत नव्हता. नजर कुठं आणि किती दूर झेपावणार, हे उंचवट्यावरची नेमकी जागा ठरवत होती. थोडक्यात, पावलांच्या केंद्रात महत्त्व जोराला, तर नजरेच्या केंद्रात जागेला. एक वेग सांगतो, दुसरा दिशा.

या दोन्ही गोष्टी एकमेकींना किती जवळच्या आहेत, हे कळलं एका माशामुळे. लॅम्प्रे हा जबडा नसलेला मासा. त्याचा वंश आपल्या वंशापासून सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला. २००७ साली स्वीडनमध्ये स्टेन ग्रिल्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या मध्यमेंदूचं छत विजेनं उद्दीपित केलं. अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ झटका दिला, तर फक्त डोळे वळत. वेळ वाढवला, की शरीरही त्याच बाजूला वळे. आणखी वाढवला, की मासा पोहण्याची हालचाल सुरू करी. आधी पाहा, मग वळा, मग निघा! हा क्रम किती प्राचीन असावा, याची कल्पना यावरून येते.

ही जवळीक माणसाला कधी महागातही पडते. १९६४ साली टोरंटोतल्या स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की या डॉक्टरांनी नऊ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांना वर-खाली पाहता येईना आणि तोल सावरता येईना. डोळ्यांचे स्नायू धडधाकट होते. वरून येणारा हुकूमच पोचत नव्हता. या विकारात मेंदूच्या इतर भागांबरोबर मध्यमेंदूही झिजत जातो. जिना उतरताना पायरीकडे नजर जात नाही, ताटातला घास नीट दिसत नाही आणि माणूस अचानक मागे कोसळतो. तो बरा करणारं औषध अजून सापडलेलं नाही.

पण निदान लवकर झालं, तर पडणं आणि त्यातून होणारी हाडमोड बरीचशी टाळता येते. अडचण अशी, की सुरुवातीला हा आजार पार्किन्सनसारखा दिसतो किंवा ‘वय झालं’ म्हणून सोडून दिला जातो. म्हणून घरातलं वडीलधारं माणूस वारंवार मागे पडत असेल, तर केवळ गुडघ्यांना दोष देऊ नका. त्यांची नजर खाली वळते का, तेही पाहा आणि मेंदूविकारतज्ज्ञांना गाठा. चष्म्याचा नंबर बदलून ही नजर सुधारत नाही.