अकरा महिन्यांचे कोडे

#धागा #इतिहास #भाड्याचे_घर

१/ शिक्षणासाठी वा नोकरीसाठी शहरात येऊन पहिले घर भाड्याने घेणाऱ्याच्या हाती एक कागद पडतो. त्यावर दोन गोष्टी हमखास असतात. मुदत लिहिलेली असते ‘अकरा महिने’ आणि शीर्षक असते ‘लिव्ह अँड लायसन्स’. वर्ष बारा महिन्यांचे असताना करार अकराचा का? आणि घर तर भाड्यानेच घेतले आहे, मग ‘भाडेपट्टा’ हा शब्द एवढ्या कसोशीने का टाळलेला? या दोन प्रश्नांचा माग काढत गेलो की आपण थेट पहिल्या महायुद्धात जाऊन पोहोचतो.

२/ आधी थोडे स्वतःविषयी, कारण हा धागा त्यातूनच निघाला. पुण्यात पहिली खोली घेतली तेव्हा दलालाने सांगितले, “अकरा महिन्यांचाच आहे हो, नोंदणी कशाला? नोटरी केली की झाले.” मीही मान डोलावली. खोली सोडताना रंगकामाच्या नावाखाली अर्धी अनामत कापली गेली. कागदावर रंगकामाचा उल्लेख नव्हता, आणि ‘नोंदणीच नाही, तर आपण भांडणार कशाच्या बळावर’ असे समजून मी गप्प बसलो. कायदा नेमका त्याच्या उलट होता, हे पुष्कळ उशिरा कळले. ते पुढे येईलच.

३/ आता १९१५ सालचे ग्लासगो. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत कामगारांचे लोंढे आले होते, नवी बांधकामे थांबली होती आणि घरमालकांनी भाडी वाढवली. पुरुष आघाडीवर किंवा कारखान्यात. घरी उरलेल्या स्त्रियांनी मेरी बार्बर यांच्या नेतृत्वाखाली भाडे देणेच थांबवले. जप्तीला आलेल्या बेलिफांना त्यांनी जिन्यावरूनच परतवून लावले. नोव्हेंबरात हजारोंचा मोर्चा न्यायालयावर धडकला आणि वर्ष संपण्यापूर्वी ब्रिटिश संसदेने भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर गोठवणारा कायदा केला. त्याच्या नावातच ‘युद्धकालीन निर्बंध’ असे शब्द होते. युद्ध संपले की निर्बंधही संपणार, असा त्याचा अर्थ.

४/ मुंबईची अवस्था निराळी नव्हती. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रस्ते रुंद करण्यासाठी दाट वस्त्या पाडल्या होत्या. पाडलेल्या खोल्यांच्या तुलनेत बांधलेल्या खोल्या अपुऱ्या पडत होत्या. त्यात युद्धाने लोखंड व इमारती लाकूड महागले आणि गिरण्यांत काम मिळवायला येणारा माणूस मात्र थांबला नाही. १९१८ साली मुंबई सरकारने भाडेनियंत्रणाचा कायदा केला. नाव जवळपास विलायतेतलेच आणि तत्त्वही तेच: १ जानेवारी १९१६ रोजी जे भाडे होते, ते प्रमाण मानायचे. विसाच्या दशकाच्या अखेरीस हा कायदा खरोखरच संपला. ‘तात्पुरता’ हा शब्द त्या वेळी पाळला गेला, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. कारण पुढे तसे घडले नाही.

५/ दुसरे महायुद्ध आले, पुन्हा निर्बंध आले. त्यानंतर फाळणी आणि निर्वासित. १९४७ चा ५७ क्रमांकाचा मुंबई भाडेनियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. त्याची मुख्य तारीख होती १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी जागेचे जे भाडे होते तेच ‘प्रमाण भाडे’, आणि त्याहून अधिक मागणे बेकायदा. हाही कायदा मोजक्या वर्षांसाठीच होता. पण मुदतवाढ मिळत मिळत तो शतकाच्या अखेरीपर्यंत टिकला. पोस्टकार्ड, ट्रामचे तिकीट, ज्वारी, सोने या सर्वांचे भाव बदलत गेले. खोलीचे भाडे तेवढे १९४० सालीच थांबून राहिले.

६/ या कायद्याने गिरणगावातल्या कुटुंबांना काय दिले, हे विसरून चालणार नाही. मालकाच्या लहरीवर घर जाण्याची भीती गेली. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जाऊ लागला. संपाच्या काळात पगार नसलेल्या घराला निदान छप्पर होते, त्यामागे हीच तरतूद उभी होती. भाडेनियंत्रणाला सरसकट नावे ठेवणारे अर्थशास्त्री या बाजूकडे फारसे बघत नाहीत, असे माझे मत आहे.

७/ पण दाबलेले पाणी दुसरीकडून फुटतेच. भाडे वाढवता येत नाही, तर खोली देतानाच एकरकमी मोठी रक्कम घ्यावी, या व्यवहारातून पागडी रुजली. भाडेकरू खोली सोडून दुसऱ्याला देऊ लागला की नव्याकडून जी रक्कम येई तिच्यात मालकाचाही वाटा असे. रूढी साधारण एक तृतीयांशाची. १९४७ च्या कायद्याच्या १८ व्या कलमानुसार हा गुन्हा होता. त्यामुळे पैसे रोख, पावती नाही, साक्षीला फक्त शब्द. कायद्याने ज्याला गुन्हा म्हटले, त्याच व्यवहारावर अर्ध्या दक्षिण मुंबईतल्या जागा हस्तांतरित होत राहिल्या.

८/ आता ‘लायसन्स’ या शब्दाकडे वळू. जागेचा ताबा व उपभोगाचा हक्क देतो तो भाडेपट्टा. त्याची व्याख्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात (कलम १०५) आहे. कोणताही हक्क न देता जागा वापरण्याची नुसती मुभा देतो तो परवाना. त्याची व्याख्या त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यात (कलम ५२). पाहुण्याला ‘या, बसा’ म्हणणे आणि खोलीची किल्ली हाती देणे, यांत जो फरक आहे तोच हा. भाडेनियंत्रणाचे संरक्षण पहिल्याला होते, दुसऱ्याला नव्हते. साहजिकच घर द्यायचे भाड्याने आणि कागदावर लिहायचे ‘परवाना’, ही युक्ती निघाली. पोटभाडेकरू ठेवण्यास बंदी असल्याने खुद्द भाडेकरूंनीही तीच वाट धरली.

९/ न्यायालये या युक्तीला सहजासहजी फसली नाहीत. दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलात केशकर्तनालय चालवणाऱ्या व्यावसायिकाचा खटला १९५९ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. दस्तावर ‘लायसन्स’ लिहिले होते. तरी बहुमताने निष्कर्ष असा निघाला की तो प्रत्यक्षात भाडेपट्टाच आहे. कागदाचे नाव बघू नका, पक्षकारांचा खरा हेतू आणि जागेचा ताबा बघा, ही कसोटी तेव्हापासून वकिलांच्या तोंडी आहे.

१०/ आणि मग ती तारीख आली, जिच्या धसक्याने मुंबईच्या घरमालकांच्या एका पिढीने फ्लॅटला कुलूप लावणे पसंत केले: १ फेब्रुवारी १९७३. १९४७ च्या कायद्यात १५-अ हे कलम घालण्यात आले. त्या दिवशी चालू परवान्यावर जागेत राहत असलेला परवानाधारक एका रात्रीत संरक्षित भाडेकरू ठरला. ज्यांच्या डोक्यावर छप्पर राहिले त्यांच्यासाठी तो न्याय होता. पण ‘मुलगा परदेशातून परत येईपर्यंत राहा’ म्हणून विश्वासाने घर दिलेल्यांचे घर गेले. ‘भाडेकरू ठेवलास तर घर गेलेच समज’ हे वाक्य तुम्ही आजोबांच्या तोंडून ऐकले असेल, तर त्याचा जन्म याच काळातला असण्याचा संभव मोठा.

११/ कुलूपबंद घरे वाढली; ज्यांना राहायला जागा हवी होती त्यांना ती मिळेना. अखेर १९८७ च्या दुरुस्तीने मुदत संपल्यावर परवानाधारकाकडून जागा परत मिळवण्याचा वेगळा, जलद मार्ग मालकांना दिला. आजच्या लिव्ह अँड लायसन्सचा पाया तो. तुमचा घरमालक तुम्हांला घर देतो, कारण ते परत मिळेल असा भरवसा कायद्याने त्याला पुन्हा दिला.

१२/ तोवर जुन्या इमारतींचे काय झाले? गोठलेल्या भाड्यात मालक दुरुस्ती करेना आणि भाडेकरू म्हणे, इमारत माझी नव्हे. १९६९ साली सरकारने दुरुस्ती मंडळ काढले आणि उपकर लावला. १९,६४२ इमारती त्याखाली आल्या. त्यांतल्या ‘अ’ वर्गाची सीमारेषा कोणती? १ सप्टेंबर १९४०. तीच तारीख पुन्हा. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ जणांचे प्राण गेले. तीही अशीच एक उपकरप्राप्त इमारत होती.

१३/ १९ डिसेंबर १९९७ रोजी मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले ते थोडक्यात असे: जो कायदा केला तेव्हा न्याय्य होता, तो काळाच्या ओघात अन्याय्य होऊ शकतो, आणि अर्ध्या शतकापूर्वीचे भाडे आजही तसेच ठेवणे समर्थनीय उरलेले नाही. गंमत अशी की न्यायालयाने ती तरतूद रद्द मात्र केली नाही, कारण कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपतच होती. ती अर्थातच पुन्हा वाढली.

१४/ ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. प्रमाण भाड्यात दर वर्षी ४ टक्के वाढीला मुभा मिळाली. एक कोटी वा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या, बँका आणि सार्वजनिक उपक्रम यांचे संरक्षण गेले. आणि ५६ व्या कलमाने पागडी चक्क कायदेशीर झाली.

१५/ आता पुन्हा अकरा महिन्यांकडे. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या १७ व्या कलमानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. वर्षाच्या आत राहिले की दुय्यम निबंधकाकडे जाणे वाचते, म्हणून अकरा. या आकड्यामागे एवढेच काय ते गूढ. इतर अनेक राज्यांत हा हिशेब आजही चालतो.

१६/ महाराष्ट्रात तो चालत नाही! १९९९ च्या कायद्याचे ५५ वे कलम सांगते की भाड्याचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा, प्रत्येक करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदत अकरा महिने असली तरी सुटका नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची; ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंदवलेला करार नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. माझ्या रंगकामाचे पैसे, मित्रहो, याच एका ओळीच्या अज्ञानात गेले.

१७/ म्हणून घर घेताना दलालाने ‘नोटरी पुरे’ म्हटले तर शांतपणे ५५ व्या कलमाचे नाव घ्यावे. लिव्ह अँड लायसन्सचे मुद्रांक शुल्क फार नाही: मुदतीतल्या एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, आणि परताव्याच्या अनामतीवरील मानीव व्याज त्या हिशेबात धरले जाते. साठ महिन्यांपर्यंतचा करार करता येतो, म्हणजे अकराच्या आकड्याला चिकटून राहण्याचे कारणही उरत नाही. अनामतीतून काय कापले जाईल आणि ती किती दिवसांत परत मिळेल, हे करारातच लिहून घ्यावे. दुसरी बाजूही ध्यानात असू द्या: मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, आणि लेखी करारात जे नमूद आहे तो निर्णायक पुरावा ठरतो. सही करण्यापूर्वी सगळी पाने वाचा.

१८/ कोणी पागडीची खोली ‘विकत’ घेत असेल, तर आपण घर विकत घेत नसून भाडेहक्क घेत आहोत, हे आधी समजून घ्यावे. मालकाची लेखी संमती आणि आपल्या नावाची भाडेपावती या दोन कागदांवाचून पैसे मोजू नयेत. इमारत उपकरप्राप्त आहे का, कोणत्या वर्गातली आहे, पुनर्विकासाचे कागद कुठवर आले आहेत, याची चौकशी त्यानंतर.

१९/ जाता जाता घरातल्या बदलांविषयी. मालकाच्या लेखी संमतीविना पक्के बांधकाम केले, तर ते भाडेकरूला बाहेर काढण्याचे कारण ठरते. पण कशाला पक्के बांधकाम म्हणायचे नाही, याची यादी कायद्यानेच दिली आहे: लाकडी पार्टिशन, हवेसाठी काढलेली खिडकी, जाळी, दरवाजा, खोटे छत, वातानुकूलन यंत्र, धुराडे. मात्र जिथे आवश्यक असेल तिथे पालिकेची परवानगी हवीच. याच यादीत आणखी एक वस्तू आहे, उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा. चाळीच्या खोलीत पाटावर बसून, चुलीपुढे वाकून स्वयंपाक करणारी बाई उभी राहिली, तेव्हा तिच्या ओट्यालाही कायद्यात जागा द्यावी लागली.

२०/ दुरुस्ती मालकाने करायची आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. समजा, जुन्या खोलीचे भाडे महिना शंभर रुपये आहे. वर्षाचे बाराशे, त्याचा चौथा हिस्सा तीनशे. एवढ्यात आज गळक्या छतावर अंथरायला ताडपत्रीदेखील धड येत नाही.